डावा मागचा दरवाजा

३ नोव्हेंबर, सोमवार

चिरंजीव धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही तसंच असेल असं धरून चालतो. पोस्टातल्या बाई म्हणाल्या की पत्राला तीन दिवस लागतात, म्हणजे गुरुवारी हे तुझ्या हातात पडेल. फोन का केला नाही असं तुला वाटेल. फोन मध्येच ठेवून देता येतो. पत्र निदान पुन्हा घडी घालेपर्यंत तरी हातात राहतं. शिवाय मला जे विचारायचं आहे त्यात आकडे आहेत, आणि आकडे मी तोंडी सांगत नाही.

आई बरी आहे. रक्तदाब आज सकाळी १३४/७८. डाव्या खुब्याचं दुखणं आहे तसंच आहे. घरातल्या घरात काठी घेऊन फिरते, काठी लागत नाही असं सगळ्यांना सांगते आणि काठी कुठे ठेवली ते विसरली की माझ्यावर ओरडते. परवा म्हणाली, "तुझ्या वयाला तुझे बाबा इतके चिडके नव्हते." मी म्हटलं, "माझ्या वयाला त्यांच्या घरात एक्क्याऐंशी वर्षांची तू नव्हतीस." दोन तास बोलली नाही. मग चहा मागितला.

तुझी वहिनीही बरी आहे.

आता मुद्द्याचं. मी एक गाडी लीजवर घ्यायचा विचार करतो आहे. महागातली. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तुला वाटेल मिरवतोय. एवढंच सांगतो की आमच्या यार्डात परत येणाऱ्या शंभर गाड्यांत अशा फार तर दोन असतात, आणि त्या आल्या की बाकीचे तपासनीस हात पुसून जवळ येतात.

हसलास तर हस. बावीस वर्षं मी लीज संपलेल्या गाड्या तपासतो आहे. ओरखडा किती लांब, पोचा किती खोल, कुठला भाग नंतर रंगवलेला, हे सगळं लिहून देतो आणि त्यावरून गिऱ्हाइकाला नुकसानीचं बिल जातं. हे काम मला कुणी शिकवलं नाही. रंगाची जाडी मोजायच्या यंत्राचं पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, आणि आता साहेब लोक यंत्र अडलं की मला बोलावतात. यार्डात मला भिंग म्हणतात. पहिल्या वर्षी चिडवायला म्हणत, आता कामाला लागलेल्या नव्या माणसांना ते माझं खरं नाव वाटतं. आणि बावीस वर्षं मी लीजवाल्यांना मनातल्या मनात खुळे म्हणत आलो. एवढे पैसे मोजायचे आणि शेवटी गाडी परत द्यायची! आता त्याच रांगेत मी उभा राहायला निघालोय.

योजना अशी आहे. छत्तीस महिन्यांचं भाडं दर महिन्याला न देता पहिल्याच दिवशी एकरकमी द्यायचं. पैसे आधी मिळतात म्हणून कंपनी आकार कमी लावते. मी हिशेब तीनदा केला. जो फरक पडतो त्यात आमची आत्ताची छोटी गाडी वर्षभर चालेल.

धोका असा की समजा चौथ्या महिन्यात गाडीचा चक्काचूर झाला, तर विमा कंपनी गाडीचे पैसे लीज कंपनीला देणार. मग मी आधीच भरलेल्या उरलेल्या बत्तीस महिन्यांचं काय? शोरूममधल्या विक्रीच्या बाई चाळिशीच्या आहेत, सोशीक आहेत. त्या म्हणाल्या, "सर, असं सहसा होत नाही."

मी म्हटलं, "बाई, सहसा न होणाऱ्या गोष्टींवरच माझं पोट चालतं."

पैसे कुठले, हा प्रश्न तुझ्या मनात येणार. शेडचे. स्वतःची तपासणी शेड काढायची म्हणून अकरा वर्षं बाजूला टाकत होतो, ते. तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती, वर न बघता म्हणाली, "शेड नाही झाली तरी काय बिघडलं? तुम्ही घर तपासतच असता."

गाडी कशासाठी, तर आईसाठी. तिला डॉक्टरकडे न्यायला. छोट्या गाडीत ती खाली पडल्यासारखी बसते आणि उठताना खुबा धरतो. टॅक्सीचा प्रयोग करून पाहिला, अठराव्या मिनिटाला म्हणाली, "मला इथंच सोड, मी चालत जाते." मग मी स्वयंपाकघरात स्टुलावर फळ्या रचून तिला बसवून बघितलं. जमिनीपासून छप्पन्न सेंटिमीटरला गुडघे कुरकुरतात, एकसष्टला पाय लोंबतात. अठ्ठावन्न ठीक. ही गाडी उभी असताना खाली बसते आणि निघाली की वर उठते, आणि बसलेली असताना तिचं मागचं आसन बरोबर अठ्ठावन्नावर येतं. मी टेप लावून पाहिलं. चालताना हवेच्या गाद्यांवर चालते, खड्डा कळत नाही.

विकत का नाही, असं विचारशील. गाड्या हल्ली लवकर जुन्या होतात. तीन वर्षं पुरे.

तू एकदा लीजवर गाडी घेतली होतीस, म्हणून तुझं मत हवं आहे. एकरकमी द्यावेत की दर महिन्याला? त्या जुन्या विषयात मला शिरायचं नाही. माझ्या नोंदी बरोबर होत्या, आणि नोंद बरोबर असली की मला दुसरं काही लागत नाही.

योजना महिनाअखेरपर्यंत आहे. तुझ्या ठकीला आशीर्वाद. आता सहावीत असेल.

तुझा मोठा भाऊ


१९ नोव्हेंबर, बुधवार

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. साडेपाच ओळी. मोजल्या, सवय आहे.

मायना नाही, खाली नाव नाही; पण अक्षर तेच, 'र'ला शेपूट काढणारं. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, "बघ, तुझ्यापेक्षा कमी शब्दांत जास्त बोलतो."

तू लिहिलंस ते पुन्हा इथे उतरवतो, कारण मला एकेका वाक्याला उत्तर द्यायचं आहे.

"एकरकमी देऊ नकोस. दर महिन्याला दिलंस तर नको वाटेल तेव्हा सोडता येईल. आईचा डॉक्टर कोपऱ्यावर आहे, त्याच्याकडे जायला एवढी गाडी कशाला? सीटची उंची मोजलीस, बसताना ती कोणत्या हातावर भार देते ते पाहिलंस का? उजव्या. डाव्या मागच्या दरवाज्यानं बसव, म्हणजे पुढच्या सीटची पाठ उजव्या हाताला येईल. आणि तीनच वर्षं का?"

हाताचं आधी. नाही पाहिलं. स्टुलावर सहा वेळा बसवली, सहाही वेळा माझी नजर टेपवर. तू दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकतोस, माणूस खुर्चीत कसा शिरतो हे तुझ्या डोळ्यात बसलंय. तुझं पत्र आल्यावर तिला पुन्हा बसवलं. उजवाच हात. टॅक्सीत मी तिला प्रत्येक वेळी उजवीकडून चढवत होतो, म्हणजे उजव्या हाताला टेकायला नुसती सीटची गादी. अठरा मिनिटांचं दुखणं निम्मं माझं होतं.

'डावा मागचा दरवाजा.' हे तीन शब्द तू जाणूनबुजून लिहिलेस की सहज आले, मला माहीत नाही. मी ते वाचून पत्र टेबलावर पालथं ठेवलं आणि दाढी करायला गेलो. दाढी आधीच झालेली होती.

डॉक्टरचं. बरोबर आहे, डॉक्टर चालत सहा मिनिटांवर आहे. आणि तो घरीही येतो.

आता शनिवारचं सांगतो. शोरूमनं गाडी चालवून बघायला दिली, वीस मिनिटं, पुढे माझ्या शेजारी त्या विक्रीच्या बाई. सकाळी मी आईला एवढंच म्हटलं होतं, "चल, जरा गाडीतून जाऊन येऊ." ती तयार होऊन आली तर हातात ती निळी पिशवी. मला वाटलं, औषधं असतील. डाव्या मागच्या दरवाज्यानं बसवली. पुढच्या सीटच्या पाठीवर उजवा हात टेकला आणि बसली की रे! एका दमात. हं नाही की हुं नाही. बाईंनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या.

आई त्यांना म्हणाली, "पोरी, ही गाडी तुझी का?"

"नाही आजी, कंपनीची."

"मग आता ह्याची होणार?"

"नाही, कंपनीचीच राहणार. सर तीन वर्षं वापरणार आणि परत देणार."

"म्हणजे भाड्याच्या घरासारखं," आई म्हणाली. "खिळे ठोकायचे नाहीत."

बाई हसल्या, मीही हसलो. करारात खरंच तसं कलम आहे, गाडीत कसलाही बदल करायचा नाही.

शोरूमपुढचा रस्ता सरळ उड्डाणपुलापर्यंत जातो. पुलाखालून उजवीकडे वळलं की गोल फिरून परत शोरूम. डावीकडे वळलं की महामार्ग, आणि मग अडीच तासांवर तुझं घर. पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आई म्हणाली, "इथून डावीकडे."

मी म्हटलं, "आई, वीस मिनिटांची फेरी आहे. गाडी परत द्यायची आहे."

"असं होय," ती म्हणाली. बस्स, एवढंच. मी आरशात पाहिलं. इतका वेळ तिनं ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, ती उचलून तिनं खाली पायाशी ठेवली.

सिग्नल सुटला. मी उजवीकडे वळलो.

घरी आल्यावर पिशवी मी उघडली नाही. तुझ्या वहिनीनं पाहिलं आणि मला सांगितलं. दोन दिवसांचे कपडे, तीन दिवसांच्या गोळ्या, आणि ठकीसाठी विणलेला पिवळा स्वेटर. नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा. शेवटचं पाहिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती ना.

तोवर तू येत होतास, मला माहीत आहे. मी कामावर असताना येऊन जायचास. आई सांगायची नाही, पण तिच्या पलंगाजवळची खुर्ची दोन इंच सरकलेली असायची. मी ती कधी जागेवर सरकवली नाही. मग तुझी बदली झाली, आणि दोन वर्षं खुर्ची हललेली नाही.

तर गाडी त्यासाठी आहे. डॉक्टरसाठी नाही. पहिल्या पत्रात सरळ लिहिता आलं नाही.

शोरूममध्ये परतताना त्या बाई हळूच म्हणाल्या होत्या, "सर, अजून पंधरा मिनिटं घेतलीत तरी चालेल." मी म्हटलं, "पंधरा मिनिटांत कुठे पोचणार?" त्यांना काय कळलं असेल देव जाणे. पाण्याचा ग्लास आणून दिला.

आता तीनच वर्षं का. डॉक्टर काही बोललेला नाही, उगाच घाबरू नकोस. करार तीन, चार किंवा पाच वर्षांचा मिळतो. बाईंनी तक्ता पुढे केला आणि माझं बोट आपोआप तीनवर जाऊन टेकलं. मग मी बराच वेळ त्या बोटाकडे बघत बसलो. बाईंना वाटलं, हिशेब करतोय. आई एक्क्याऐंशीची आहे, धाकट्या. हे मी तुलाच लिहू शकतो, दुसऱ्या कुणाला नाही.

आणि एकरकमी का, तेही यातच आलं. दर महिन्याला एक हप्ता जाणार, म्हणजे दर महिन्याला छत्तीसातला एक कमी होणार. मी मोजणारा माणूस. मला न मोजणं जमत नाही. पैसे एकदाच दिले की निदान बँकेकडून आठवण तरी येणार नाही. तू म्हणतोस हप्त्यानं घेतली तर सोडता येईल. मला ती सोडता येऊ नये असंच हवं आहे. नाहीतर पुलाखाली मी पुन्हा उजवीकडे वळेन.

आता तू न विचारलेलं.

पाच वर्षांपूर्वी तुझी गाडी माझ्या रांगेत आली तेव्हा नंबर मी लांबूनच ओळखला होता. नियम असा आहे की नात्यातल्या माणसाची गाडी असेल तर कागद दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायचा. माझ्या मागे होता तो माणूस ढिसाळ. त्याला तो डावा मागचा दरवाजा कधी सापडला नसता. मी कागद दिला नाही. मला दाखवायचं होतं, भिंग सख्ख्या भावालाही सोडत नाही. सगळीकडे रंगाची जाडी एकशे दहा मायक्रॉन, त्या एका दरवाज्यावर तीनशे चाळीस. आत पुट्टी, काच बदललेली, कंपनीला न कळवलेला अपघात. सगळं लिहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आणि घरी येऊन मी जेवताना आईला सांगितलं, ऐटीत सांगितलं, की धाकट्यानं गाडी ठोकली होती आणि लपवली होती, पण माझ्या नजरेतून सुटली नाही. ती ताटावरून उठली आणि तुला फोन लावला. त्या दरवाज्याच्या आत ठकी बसली होती, हे मला असं कळलं.

तू दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणालास, "तू दरवाजा मोजलास. आत कोण बसलं होतं ते विचारलंस का?" मी म्हणालो, "ते माझ्या तक्त्यात नव्हतं."

त्यानंतर तू मला दादा म्हणाला नाहीस. बरोबर आहे.

कागद दुसऱ्याकडे द्यायला हवा होता. हे मी मान्य करतो. नोंदी मात्र, धाकट्या, नोंदी बरोबर होत्या.

उत्तर पाठव. नाहीतर पाठवू नकोस, पण हे पत्र फाडू नकोस, आईनं वाचायला मागितलं आहे आणि मी तिला दिलेलं नाही.

दादा


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

टिल्लू,

तुला हे नाव आवडत नाही, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला आवडेलच कसं. पण आज हेच आलं हाताशी.

तुझं उत्तर आलं नाही. नऊ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. तो आता मला दारात बघितलं की लांबूनच मान हलवतो.

गाडी घेतली. बुधवारी. एकरकमी. त्याआधी ते अपघाताचं कलम पान अकरावर सापडलं. मी ते बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सांगितलं, उरलेल्या महिन्यांचं भाडं मला परत मिळेल असं लेखी जोडा, तर सही. त्यांचे साहेब आले, वरून फोन झाले, तासाभरानं जोडलं. साहेब म्हणाले, "वकील आहात का?" मी म्हटलं, "नाही, वाचता येतं." तेवढी ऐट माझी उरली आहे, ती राहू दे.

चेकवर आकडा लिहिला. शेड डोळ्यांसमोर आली, पत्र्याचा रंगही मी ठरवला होता. आली आणि गेली.

मग गाडी ताब्यात घ्यायची वेळ. आधीचं काही लागलेलं असेल तर ते नोंदवून घ्यायचं असतं, नाहीतर तीन वर्षांनी आपल्या माथी. बाईंनी तक्ता माझ्याच हातात दिला. "सर, तुमच्यापुढे आम्ही काय तपासणार?" एक तास चाळीस मिनिटं लावली. डिकीच्या कडेला चार मिलिमीटरची एक रेघ, बाकी काही नाही. डावा मागचा दरवाजा शेवटी ठेवला होता. उघडला, टॉर्च घेतला, सीटच्या शिवणीवर वाकलो.

आणि उठवेना. बाई विचारायला लागल्या, "पाठ धरली का सर?" मी हो म्हटलं.

मागच्या पत्रात लिहिलं ना, नोंदी बरोबर होत्या? त्याच्या आधीच्या पत्रातही लिहिलं. दोन्हीकडे ते वाक्य खोड. तुझ्याकडे पेन असेल तर आत्ताच खोड.

तुझ्या गाडीच्या तक्त्यातली सत्ताविसावी ओळ मला पाठ आहे. 'डावं मागचं आसन, शिवण. तपकिरी डाग, तीन सेंटिमीटर, धुतलेला. कॉफी.'

कॉफीचा डाग मी हजारदा पाहिला आहे. तो कडेला गडद आणि मध्ये फिका असतो. हा तसा नव्हता. डागासाठी तक्त्यात चार रकाने आहेत: चहा-कॉफी, तेल, शाई, इतर. 'इतर'वर खूण केली की काय ते शब्दांत लिहावं लागतं. मी कॉफीवर खूण केली. तेव्हा लक्षात आलं नाही, असं पाच वर्षं स्वतःला सांगत आलो. टिल्लू, आलं होतं. सगळं नाही कळलं, ठकीचं नाव मनात नाही आलं. पण पेन थांबलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. त्या ओळीवर पेन थांबलं. मी पाहत उभा राहिलो असतो तर पुढचा प्रश्न विचारावाच लागला असता, आणि तुझ्या दरवाज्याचे तीनशे चाळीस मायक्रॉन मला सापडले होते, त्या खुशीत मी होतो. मी पुढच्या ओळीवर गेलो.

बावीस वर्षांत एकच नोंद खोटी लिहिली, ती ही.

आज जेवणाआधी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हे मला काय सांगतोस?" म्हणून हे पत्र.

आता पुढचं. रविवारी सात तारखेला सकाळी साडेआठला आम्ही निघतो. आई आणि मी. तुझी वहिनी म्हणते, "तुम्ही दोघंच जा, मध्ये बोलायला मी असले की तुम्ही बोलत नाही." वाटेत दोनदा थांबू, प्रत्येकी दहा मिनिटं. अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या दाराशी पोचू. निळी पिशवी आईनं अजून रिकामी केलेली नाही, दारामागे टांगली आहे, रोजच्या गोळ्या त्यातूनच काढून घेते. स्वेटर लहान होणार हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "मोठी झाली असेल तर मापाला तिथंच उसवीन. तेवढेच दोन दिवस जास्त."

तिला डाव्या मागच्या दरवाज्यानं उतरवायला दोन माणसं लागतात. एकानं दार धरायचं आणि एकानं तिच्या उजव्या हाताखाली हात द्यायचा. मी एकट्यानं करून पाहिलं, होत नाही. हे कारण काढून लिहीत नाही, खरंच होत नाही. तू बाहेर आला नाहीस तर मी शेजाऱ्याला बोलावीन, पण शेजाऱ्याला ती कोणता हात टेकते ते माहीत नसेल.

सोबत एक कागद आहे. गाडी आणखी कोण चालवू शकतं, त्याचा अर्ज. माझं नाव वर लिहिलं आहे, खालची ओळ रिकामी सोडली आहे. वाटलं तर सही कर. तुझ्या नावासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, विचारून घेतलं. आई महिनाभर तुझ्याकडे राहिली तर तिला परत सोडायला तुलाच यावं लागेल ना. कापडात गुंडाळलेली जड वस्तू म्हणजे दुसरी किल्ली. रजिस्टर पोस्टानं पाठवतो आहे. किल्ली अशी पोस्टात टाकू नये हे मला कळतं. टाकली.

तीन वर्षांनी गाडी परत जाईल तेव्हा तपासायला दुसरा माणूस येईल. नियमाप्रमाणे मी बाजूला उभा राहीन. ठकीनं मागे बसून काही सांडलं तर सांडू दे. मी ते पुसणारही नाही आणि लिहिणारही नाही.

आईकडून मला अर्धवट कळलं होतं, कानामागे टाके पडले म्हणून. पण ते आईकडून. तुला कधी विचारलं नाही. आता विचारतो. ठकीला तेव्हा किती लागलं होतं? दवाखान्यात कुणी होतं का तुझ्याबरोबर? की सगळं एकट्यानं निस्तरलंस?

तक्ता बाजूला ठेवून, तुझ्या तोंडून ऐकायला येतो आहे,

दादा